शिट्टीत बुडालेलं वाक्य

२ मार्च, सोमवार

निकाल लागला. तोच आला. बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी — पण आला.

आईनं खिडकीतून खाली बघितलं आणि मला खुणेनं सांगितलं, बघ, अर्धी गल्ली नाचतेय, अर्धी दारं लावून बसलीय. आवाज माझ्यापर्यंत येत होता, तिच्यापर्यंत नाही. मी मुद्दाम कानांत बोटं घातली आणि तिच्या शेजारी उभी राहिले. असं बघितलं की आनंद आणि भांडण यांत फारसा फरक राहत नाही. दोन्हींत हात वरच असतात. कोपऱ्यावर दोघं एकमेकांची कॉलर धरून होते. मला वाटलं मिठी मारतायत. किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. गॅसवरचं दूध उतू गेलं.

दादा आला तो तोंड पाडून. चपलासुद्धा सरळ काढल्या नाहीत. आईसमोर उभा राहून म्हणाला, "मिळाला तुझा महापौर. झालं समाधान?" दादाच्या खुणा एरवीही तुटक असतात. रागात असला की नुसते हवेत फटके. आईनं शांतपणे त्याला ताट वाढलं.

३ मार्च

गल्लीत कुजबुज — बहिऱ्या बायकांनी निवडून आणला त्याला. कुजबुज कसली, माझ्या तोंडावरच बोलतात. आई बहिरी म्हणून मीही बहिरी असणार असं निम्म्या लोकांना वाटतं. मी तसंच वाटू देते. खूप काही ऐकायला मिळतं!

पण बोलतात ते अगदीच खोटं नाही. गेल्या महिन्यात चारही उमेदवार एकाच व्यासपीठावर होते आणि मी दुभाषी. निवडणूक कार्यालयानं नेमलेली. कुणाच्या बाजूची नाही. कुणीतरी मूकबधिर शाळेचं काय करणार म्हणून विचारलं. बाकीच्या तिघांनी गोल गोल उत्तरं दिली. हा मात्र आमच्या बायकांच्या रांगेकडे वळला आणि म्हणाला, "शाळा बंद झाली, तर त्याच दिवशी मी राजीनामा देईन."

मी ते हातांनी सांगितलं. आमच्यात नियमच आहे, 'तो म्हणतो' असं सांगायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. म्हणून माझ्याच छातीवर बोट ठेवून मी राजीनामा देऊन मोकळी झाले. आणि सगळ्या रांगेनं हात वर करून पंजे हलवले. आमच्याकडे टाळ्या अशाच असतात, बिनआवाजाच्या. इतके हात एकदम हलताना बघितले की मला नेहमी पोटात हलकं हलकं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आई घरोघर फिरली. गुडघा दुखत असताना. "यालाच द्यायचं. यानं शब्द दिलाय."

५ मार्च

आई म्हणते, मी झोपेत हात हलवते.

"काय म्हणत होते मी?"

"कुणाला तरी रस्ता विचारत होतीस. मग स्वतःच सांगितलास."

८ मार्च, रविवार

आईबरोबर शाळेत जाऊन आले. माजी विद्यार्थिनी जमतात महिन्यातून एकदा. माजी म्हणजे सगळ्या पन्नाशी-साठीच्या. अजूनही एकमेकींच्या वेण्यांची थट्टा करतात.

मी नेहमीसारखी एकटी वर्गांमधून हिंडले. ती लाकडी जमीन. मुलांना हाक मारायची तर बाईंनी पाय आपटायचा. फळ्या थरथरल्या की सगळी डोकी एकदम वळतात. भिंतीला लावलेला लांबच लांब आरसा, त्यात ओठ बघत बसायचं. टेबलावर फुगे. फुगा गालाला लावून धरायचा, बाई त्याच्यावर तोंड ठेवून बोलणार, आणि बोलणं गालाला गुदगुल्या करणार. मी लहान असताना माझ्याही गालाला लावायचे. मला तर ऐकू यायचं, पण मी कुणाला सांगायची नाही. मला तो फुगाच आवडायचा. फुग्यातून आलेले शब्द घरी नेता येतील असं वाटायचं.

आई-बाबा इथेच भेटले. त्या खिडकीत, असं आई म्हणते. बाबा होते तेव्हा ते जिन्यात म्हणायचे. मी दोन्ही ठिकाणी थोडा थोडा वेळ बसले. दुपारचं ऊन फळ्यांवर पसरलं होतं. सगळं किती संथ. वाटलं, मी अजून जन्मायचीच आहे आणि ते दोघं इथेच कुठेतरी, अंगणात.

११ मार्च, बुधवार

शाळा बंद. दहा दिवसही झाले नाहीत निकालाला!

आदेशात 'बंद' नाही म्हटलेलं. 'विलीन' म्हटलंय. मुलं शहराबाहेरच्या मोठ्या शाळेत जाणार, इमारत 'अन्य उपयोगासाठी'. दादानं पेपर दुमडून, बातमी वर येईल असा, आईच्या ताटाशेजारी ठेवला. मला त्याचा राग आला. तो खूश नव्हता, पण हा माणूस शब्द पाळणार नाही हे त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

आईनं वाचलं. मग डोळे मिटले.

तिचं हे शस्त्र आम्ही लहानपणापासून ओळखतो. डोळे मिटले की संपलं बोलणं. कितीही हात नाचवा, खांदे हलवा. पूर्वी दादा तिच्या पापण्या बोटांनी उघडायचा. आज आम्ही दोघंही समोर नुसते बसून राहिलो.

१२ मार्च

महापौरांनी कानावर हात ठेवले. "मी असं म्हणालोच नव्हतो. शाळेसाठी प्रयत्न करीन, एवढंच म्हणालो होतो."

सगळ्या शहरात त्या सभेची चित्रफीत फिरतेय. मी आत्ता कुठे ती धड बघितली. आणि गंमत अशी, की नेमका तो आमच्या बायकांकडे वळतो, तसा कॅमेऱ्यात त्याचा फक्त मानेमागचा भाग येतो, आणि त्याच क्षणी माइकला शिट्टी लागते. लांबलचक, कानठळ्या बसवणारी. शिट्टी थांबते तेव्हा तो "धन्यवाद" म्हणत असतो. मधलं वाक्य शिट्टीनं गिळलं.

दिसतात फक्त माझे हात. स्वच्छ, उजेडात.

इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायला गेले तर तिथे दोघं एक मोबाइल मधोमध धरून भांडत होते. एक म्हणतो, ही बाई राजीनामा म्हणतेय, खुणेचा अर्थ विचारून आलोय मी. दुसरा म्हणतो, तिच्या मनचं असेल, आई बहिरी आहे तिची. मी शेजारीच उभी. इस्त्रीवाल्यानं माझ्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. "ताई, हे तुम्हीच ना?" मी हात कपड्यांखाली घातले. का घातले कोण जाणे.

१४ मार्च, शनिवार

महापौरांच्या चिटणीस बाईंचं बोलावणं. जाडजूड गालिचा, पाऊल पडल्याचं पायालाही कळत नाही. कोपऱ्यात काचेच्या पेटीत मासे. बाई अगदी गोड.

"हे बघा, तुम्हाला कुणी दोष देत नाहीये. एवढ्या गोंगाटात चूक कुणाकडूनही होते. एक ओळ लिहून द्या — आवाज नीट ऐकू आला नाही, खूण करताना गफलत झाली. विषय मिटला. शहर तरी शांत होईल."

मग म्हणाल्या, "दर आठवड्याच्या पत्रकार परिषदेला आम्हाला दुभाषी लागणारच आहे. वर्षभर."

मी माशांकडे बघत होते. एक मासा काचेला तोंड लावून सारखा काहीतरी म्हणत होता. मी त्याचे ओठ वाचायचा प्रयत्न केला. बाईंना वाटलं मी विचार करतेय. "वीस तारखेला शाळेची जाहीर सुनावणी आहे. त्याआधी दिलंत तर बरं."

हो म्हणाले की नाही, आठवत नाही. मान हलली असावी.

१५ मार्च

मास्तरांकडे गेले. मला दुभाषेपण त्यांनी शिकवलं. दुभाष्यांच्या संघटनेत त्यांचाच शब्द अखेरचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचंच सांगितलं, "आपण काच आहोत. पलीकडचं दाखवायचं. काच साक्ष द्यायला जात नाही. काय ऐकलंस, काय नाही, बाहेर एक अक्षर बोलायचं नाही."

"आणि काचच मळकी होती असं कुणी म्हणालं तर?"

मास्तर चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून आत पडलं. ते चमच्यानं शोधण्यात पुढची बरीच मिनिटं गेली.

१७ मार्च, मंगळवार

आता मलाच खात्री वाटेना.

मी तिथे होते. त्याच्यापासून हातभर अंतरावर. ऐकलंच असणार. पण जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा ते वाक्य वेगळ्या आवाजात येतं. काल त्याच्या आवाजात. आज दुपारी जरा डोळा लागला तर बाबांच्या आवाजात. बाबांना तर आवाजच नव्हता! माझ्या स्वप्नातले बाबा सभेत उभे राहून ठणठणीत बोलतात, शाळा बंद झाली तर मी राजीनामा देईन, आणि मी खाली बसून त्यांच्यासाठी पंजे हलवतेय.

शिट्टीच्या आत तो काहीतरी म्हणाला. 'शाळा' म्हणाला, नक्की. 'मी' म्हणाला, नक्की. उरलेलं मी भरलं का? ती जमीन, तो फुगा, ती खिडकी, हे सगळं माझ्या पोटात असताना माझ्या हातांनी त्याच्या तोंडात घातलं का? मला भीती वाटते. नोकरीची वाटते, पण ती थोडी. खरी भीती ही, की आई ज्याच्यासाठी दुखऱ्या गुडघ्यानं जिने चढली, तो शब्द त्याचा नव्हताच. माझा होता.

दादाला सांगितलं. वाटलं, उखडेल. तो खिडकीच्या कठड्यावर बसून बराच वेळ शर्टाचं बटण फिरवत राहिला.

"मला तो खोटा ठरायला हवाय," म्हणाला. "पण त्यासाठी तू खोटी ठरायला नकोस. लिहून देऊ नकोस काही."

निकालानंतर पहिल्यांदा तो माझ्याशी न ओरडता बोलला.

आई मात्र माझ्या हातांकडे बघतच नाही. स्वयंपाकघरात समोरासमोर येतो, ती खाली बघून बाजूनं जाते. शाळेच्या बायकांपैकी दोघी तिला रस्त्यात टाळून गेल्या, दादानं बघितलं. काही विचारायला जावं तर भांडी घासायला घेते. घासलेलीच.

१९ मार्च

उद्या सुनावणी. चिटणीस बाईंचा दोनदा फोन.

एकदा वाटतं, लिहावी ती ओळ. चूक झाली म्हणून कुणी मरत नाही. मी चुकले ठरले, तर आई निदान फसलेली ठरेल, मूर्ख नाही. दुसऱ्यांदा वाटतं, लिहिलं की या शहरात माझ्या हातांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि पहिली आई ठेवणार नाही.

दिवसभर बाहेर कर्णे फिरतायत. एका बाजूचे म्हणतात मतमोजणी पुन्हा घ्या, दुसऱ्या बाजूचे म्हणतात हरलात आता गप्प बसा. मध्येच दोन्ही गाड्या आमच्या चौकात समोरासमोर आल्या आणि अडकल्या. दोन्हींचं मिसळून एकच भाषण झालं. कुणालाच काही कळत नव्हतं आणि सगळे माना डोलवत होते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ओल्या चादरीआडून ते सगळं खूप लांबचं वाटलं, कुठल्यातरी दुसऱ्याच शहरातलं.

२० मार्च, शुक्रवार

नीट लिहायला हवं.

सभागृह गच्च. डावीकडे त्याची माणसं, उजवीकडे दुसरी, मधली वाट रिकामी, जणू कुणी आखून दिलेली. शाळेच्या बायका मागच्या भिंतीला टेकून. दादा त्यांच्याही मागे. दुभाषी म्हणून आज मास्तर होते. मला अर्थातच नेमलं नव्हतं. मी पुढे चिटणीस बाईंच्या टेबलाशी उभी. त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला होता, वर पेन. "बसून लिहा ना, सावकाश."

महापौर बोलले. शांत, थोडे दुखावल्यासारखे. "एका दुभाषीच्या अनवधानाचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नका." उजवीकडे आरडाओरडा, डावीकडे टाळ्या. मग नागरिकांचे प्रश्न.

आणि आई उठली.

हळूहळू, गुडघा सांभाळत, त्या मधल्या रिकाम्या वाटेनं पुढे आली. मास्तर तिच्याकडे वळले. तिनं मान हलवली. तुम्ही नको. माझ्याकडे बोट केलं.

मास्तर म्हणाले, "हे नियमात बसत नाही." माझ्याकडे बघत म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले आणि दोन पावलं बाजूला झाले.

पेन एव्हाना माझ्या हातात आलं होतं. ते टेबलावर ठेवलं. आईसमोर जाऊन उभी राहिले. किती दिवसांनी तिनं माझ्याकडे सरळ बघितलं! तिचे हात उठले आणि मी माझ्या आवाजात बोलायला लागले. नियमाप्रमाणे — 'मी'.

"मी या शाळेत शिकले. मी तुम्हाला मत दिलं. दारोदार फिरून दुसऱ्यांनाही द्यायला लावलं. तुम्ही म्हणता दुभाषी चुकली. दुभाषी माझी मुलगी आहे."

सभागृहात चुळबुळ. माझ्या तोंडून 'माझी मुलगी' ऐकून कुणीतरी हसलंही. आई थांबली नाही.

"ती काम करत असते तेव्हा मी तिच्या हातांकडे बघत नाही. आईला शब्द दिसत नाहीत, ती जेवली की नाही एवढंच दिसतं. म्हणून मी त्या दिवशी तिच्याकडे बघतच नव्हते. मी तुमचे ओठ वाचत होते. शाळेत आम्हाला आरशासमोर बसवून तेच शिकवलंय, वर्षानुवर्षं. माइकची शिट्टी आम्हाला ऐकू येत नाही, साहेब. ती तुम्हाला ऐकू येते."

आवाज फुटला माझा इथे. तिचे हात मात्र ठाम होते.

"तुम्ही म्हणालात, शाळा बंद झाली तर त्याच दिवशी मी राजीनामा देईन. मी ते तुमच्या तोंडावर बघितलं. आता माझ्याकडे बघून सांगा, की नाही म्हणालात."

महापौर माझ्याकडे बघत होते. मी आईकडे बोट केलं. त्यांनी आईकडे बघितलं. आई त्यांच्या ओठांकडे बघत होती, एकटक. त्यांचा हात आपोआप हनुवटीवर गेला. खाली आला.

"अहो बाई," ते म्हणाले, "सभेत बोलण्याच्या भरात माणूस म्हणून जातो. तो काही लेखी शब्द नव्हता."

मागून दादाचा आवाज — "म्हणजे म्हणालात!"

आणि मग दोन्ही बाजू एकदम उठल्या. खुर्च्या, ओरडा. डावीकडचे काही जण नुसते खाली बसून राहिले. चिटणीस बाईंनी तो कोरा कागद हळूच उचलून फायलीत ठेवला. मला त्यातलं काही नीट आठवत नाही. मी तेव्हा कामात होते. महापौरांचं उत्तर आईला सांगायचं होतं. मी तिच्याकडे वळले, छातीवर बोट ठेवलं, आणि हातांनी सांगितलं — मी म्हणालो होतो. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो.

मागच्या भिंतीशी बायकांचे पंजे वर गेले. सगळ्या गोंधळात ते तेवढेच बिनआवाजाचे. पोटात हलकं झालं, आणि मी तिथेच, सगळ्यांदेखत रडले.

तो म्हणाला होता. मी भरलं नव्हतं काही.

२१ मार्च

राजीनामा नाही दिला. आदेशाला 'तूर्त स्थगिती' आहे. बाहेर पुन्हा दोन गाड्या, दोन कर्णे. दादा आणि आई पेपर मध्ये ठेवून भांडतायत, पण हात सैल आहेत आता. मला झोप येतेय, गोड, दिवसाढवळ्या.

२२ मार्च, रविवार

आईला विचारलं, एवढ्या गर्दीत, एवढ्या लांबून, ओठ इतके स्पष्ट दिसले तुला?

तिनं ओले हात पदराला पुसले. दार लोटलेलं आहे का बघितलं.

"कुठले ओठ! तो त्या स्पीकरच्या खोक्यांच्या आड होता. मला तिथून फक्त तूच दिसत होतीस."